व्याह्यांनी बसवलेला रिसीव्हर

प्रिय भिंगरी,

तुझा निरोप परवा मोबाइलवर आला आणि उत्तर कागदावर येतंय, म्हणजे तू नक्कीच डोळे मोठे करशील. तू लिहिलंयस की नवं विमान जुळवून झालं, रंगही देऊन झाला, फक्त रिसीव्हर बसवायचा राहिलाय. पपांनी, म्हणजे तुझ्या सासऱ्यांनी, या कामातून अंग काढून घेतलंय, तेव्हा बाबा, आता तुम्हीच या आणि बसवा. या एका वाक्यासाठी मी अडीच वर्षं झुरलो. तुझ्या लग्नाला अडीच वर्षं झाली, म्हणून अडीच. आणि आता ते आलंय तर मला हो म्हणता येईना. का येईना, ते फोनवर सांगायला गेलो तर पाचव्या सेकंदाला मी हवापाण्यावर घसरेन. माझी ही खोड तुला माहीत आहे.

आणखी एक. हे पत्र पेटीत पडण्याआधी तुझी आई वाचणार आहे. तिने तशी अटच घातलीय. तुमच्याकडून परत आल्यापासून तीन आठवडे मी मूग गिळून बसलोय, भाजीत मीठ नसलं तरी मला कळत नाही. ती म्हणाली, मला सांगत नाही ना, मग लेकीला काय सांगताय ते तरी कळू दे. तेव्हा तुला पाठ असलेल्या गोष्टीही मी तिच्यासाठी जरा उलगडून लिहितो. पस्तीस वर्षं संसार करूनही रिसीव्हर म्हटलं की तिला टेलिफोनच आठवतो.

तू अकरा वर्षांची होतीस. दुकानात शिलाई मशीन उघडून बसलो असताना तू गल्ल्यावर चढून विचारलंस की मशीन पाय मारल्यावर चालतं, मग विमान जमिनीवरून कसं चालवतात. कुणीतरी जुना ट्रान्समीटर विकायला ठेवला होता, तो मी तुझ्यासाठी घेतला. दोन दांड्यांचा, कोपऱ्यात चीर गेलेला. आपल्या हातात असतो तो ट्रान्समीटर, आणि विमानाच्या पोटात काडेपेटीएवढा बसतो तो रिसीव्हर. तुझा अंगठा काय म्हणतोय ते तो ऐकतो आणि पंखाच्या, शेपटीच्या छोट्या मोटारींना सांगतो. त्या जुन्या ट्रान्समीटरवर थ्रॉटल उजव्या दांडीवर होता. मोटरचा वेग वाढवायचा तो थ्रॉटल. वरखाली नेला की सोडाल तिथंच थांबतो. बाकी सगळ्या हालचाली हात सोडला की स्प्रिंगने मध्ये परत येतात. तू शिकलीस ती उजव्या हाताच्या थ्रॉटलवर. पुढे तीन ट्रान्समीटर बदलले, पण प्रत्येक वेळी मी आधी मागचं झाकण उघडून स्प्रिंग इकडची तिकडे केली. आपल्या घरात थ्रॉटल उजव्या हातालाच, असं मी मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

मला स्वतःला कधी धड उडवता आलं नाही. दोन विमानं मी एकाच झाडात घातली, आणि दुसऱ्या वेळी झाडावर चढलेल्या माणसाने पहिल्याचं शेपूटही खाली आणून दिलं. पण रिसीव्हर बसवावा तर मीच. त्याच्याभोवती स्पंज गुंडाळायचा, वायर कुठं घासत नाही ना बघायची, उजवीकडे दांडी नेली की उजव्या पंखाची हलती पट्टी वरच गेली पाहिजे. ती उलटी जोडली गेली तर विमान उडताक्षणी कुशीवर पडतं. मी बसवायचो आणि तू उडवायचीस. यात तिसऱ्या माणसाला जागा नव्हती, आणि मला ती करायचीही नव्हती.

आणि ती तीस पावलं. उडवण्याआधी ट्रान्समीटरची ताकद एका बटणाने मुद्दाम कमी करायची, मग मी विमान धरून उभा राहणार आणि तू पाठ फिरवून मोजत लांब जाणार. तिसाव्या पावलावर वळून दांड्या हलवायच्या. तेवढ्या अंतरावरही विमानाची शेपटी बरोबर हलली तर मी हात वर करायचो. लहानपणी तू फार मोठी पावलं टाकायचीस, लवकर तीस व्हावीत म्हणून, आणि मी ओरडायचो, अगं माणसासारखी चाल. उन्हात डोळे बारीक करून तू माझ्या हाताकडे बघत उभी असायचीस. तुझ्या शाळेच्या स्नेहसंमेलनांना मी दोनदाच आलो असेन, पण त्या पावलांना एकदाही चुकलो नाही.

तुझे सासरे मला भेटले ते मैदानावरच, आणि धोंडा माझ्या पायावर मीच पाडून घेतला. त्यांची, म्हणजे डॉक्टरसाहेबांची, एक वायर घरी राहिली होती आणि मी माझ्याकडची दिली. त्या दिवशी त्यांच्यावर छत्री धरायला त्यांचा मुलगा आला होता. पुढे ती छत्री तुझ्यावर आली. जावईबापूंबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांना विमानातलं ओ की ठो कळत नाही, मैदानावर आडवे होऊन पुस्तक वाचतात, आणि त्यासाठी ते मला मनापासून आवडतात. माझं दुखणं त्यांच्या वडिलांचं आहे. लग्नाच्या बोलणीत तुझी आई म्हणाली, बरं झालं, पोरीला तिकडेही विमानं मिळतील. मी तोंडदेखला हसलो. विमानं मिळतील हे मला कळत होतं. तिकडे रिसीव्हर बसवणारा माणूसही आहे, हे माझ्या डोक्यात उशिरा शिरलं.

मग तू तिकडच्या विमानांचे, पपांनी बसवलेल्या रिसीव्हरचे फोटो पाठवू लागलीस. पहिला फोटो आला तेव्हा मी दुकानातलं भिंग लावून बघितला. गोड बोलायला काय जातं, मी लिहिलंही, छान, व्यवस्थित केलंय. पण पोटात दुखत होतं. आयुष्यभर लोकांच्या दाढा कोरलेला तो माणूस, त्याने रिसीव्हरच्या वायरी दात साफ करायच्या दोऱ्याने बांधल्या होत्या, समान अंतरावर, बारीक गाठी मारून. दोन अँटेना दोन स्ट्रॉमधून काढून काटकोनात बसवल्या होत्या, आणि झाकणाच्या आतली बाजू दिसावी म्हणून दाताचा छोटा आरसा तिरका धरून फोटो काढला होता. माझ्या कामात स्पंज असतो, चिकटपट्टी असते, कधीकधी शिलाईच्या दोऱ्याची रीळ अडकवलेली असते. तू खाली लिहिलंस, बाबा, पपांचं काम म्हणजे दागिना आहे. त्या दिवशी एका बाईंचं मशीन मी उलटं जोडून दिलं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, अहो, टाके मागे चाललेत.

प्रत्येक फोटोत मी खोट शोधायचो. एकदाही सापडली नाही. सापडली असती तर कदाचित मी इतका जळलो नसतो. तू फोनवर पपा म्हणाले, पपांनी दाखवलं, पपांच्या मते असं बोलायचीस आणि मी मध्येच विचारायचो, जेवलीस का. तू मला काही विचारेनाशी झालीस. आधी प्रत्येक नव्या सर्व्होला, म्हणजे शेपटी-पंख हलवणाऱ्या त्या छोट्या मोटारीला, तुझा फोन यायचा, आता विमान उडून झाल्यावर बातमी यायची. तुझ्या आईने एकदा कान टोचले, की व्याही भला माणूस आहे, लेकीला जीव लावतो, अजून काय हवं तुम्हाला. मला काय हवं होतं ते उघड बोलायची लाज वाटत होती. तो माणूस जरा कमी भला असता तर मला चाललं असतं.

आता तीन आठवड्यांमागची गोष्ट. आम्ही दोघं तुमच्याकडे दोन दिवस आलो होतो. पिवळं विमान तयार होतं, लांब पंखांचं, दुसऱ्या दिवशी उडायचं होतं. दुपारी जेवणं झाल्यावर सगळे आडवे झाले. मी डॉक्टरसाहेबांच्या कामाच्या खोलीत गेलो. नुसतं बघायला, असं मी स्वतःला सांगितलं. टेबलावर विमान, शेजारी तुझा ट्रान्समीटर, भिंतीवर चिमटे आकाराप्रमाणे टांगलेले. मी झाकण काढलं. सगळं इतकं नेटकं होतं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एक स्ट्रॉ बाहेर ओढून काटकोन खरंच आहे का ते पाहिलं. होता. तो परत बसवताना नीट बसला नाही. अँटेना बॅटरीखाली दबली असावी, पण ते मला आज कळतंय.

आणि मग माझ्या मनात आलं की हा रिसीव्हर निदान एकदा माझ्या हाताने बाइंड झालेला असावा. बाइंड म्हणजे ट्रान्समीटर आणि रिसीव्हरची जोडी जमवून देणं, त्यानंतर तो रिसीव्हर त्या एकाच ट्रान्समीटरचं ऐकतो. ते डॉक्टरांनी आधीच केलेलं होतं, पुन्हा करायची काडीची गरज नव्हती. पण कुणाला कळणार नव्हतं, आणि मला आतून बरं वाटणार होतं. बटण दाबून धरलं, दिवा लुकलुकू लागला. बाइंड करताना एक गोष्ट सांभाळायची असते, ती मी तुला शंभर वेळा घोकवून घेतलीय. त्या क्षणी दांड्या जिथं असतील ती जागा रिसीव्हर लक्षात ठेवतो. पुढे हवेत संपर्क तुटला तर तो स्वतःहून त्या जागेवर जातो. म्हणून थ्रॉटल अगदी तळाला हवा, म्हणजे संपर्क तुटताच मोटर बंद पडते आणि विमान जवळपास उतरतं. मी सवयीने उजवी दांडी खाली ओढली. सोडली तर ती टपकन मध्ये परत आली.

मी पुन्हा ओढली. पुन्हा मध्ये. तुझ्या ट्रान्समीटरवर थ्रॉटल डाव्या हाताला होता.

भिंगरी, त्या वेळी मला जे वाटलं तेच लिहितो, खोटं लिहीत नाही. चौदा वर्षं ज्या हाताने शिकवलं तो हात तू बदललास आणि मला सांगितलंही नाहीस. कुणासाठी बदललास, याचं उत्तर भिंतीवर टांगलेलं होतं. डावी दांडी निम्म्यावर होती. मी ट्रान्समीटर उचलताना माझ्याच तळव्याने सरकली असेल. मी ती पाहिली आणि पाहिली नाही. मोटर बारीक पिपाणीसारखी वाजू लागली. थ्रॉटल तळाला नाही, असंच ती सांगत होती. मी घाबरलो ते आवाजाने घरातलं कुणी उठेल म्हणून. दिवा स्थिर झाला, बॅटरी उपसली, झाकण लावलं आणि बाहेर येऊन वर्तमानपत्र उलटं धरून बसलो. तू चहाला हाक मारलीस तेव्हा मी म्हणालो, काय छान झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तुम्ही दोघं ती पावलं चालायला निघालात. डॉक्टरांनी विमान धरलं, तू पाठ वळवलीस आणि मोजू लागलीस. एक, दोन, तीन. मला ते बघवेना. मी मोठ्याने म्हणालो, काय डॉक्टरसाहेब, काल घरी एवढं सगळं तपासलंत, आता पुन्हा कशाला, उडवू द्या की पोरीला. बाराव्या पावलावर तू थांबलीस आणि त्यांच्याकडे पाहिलंस. त्या माणसाने आजवर एकही उड्डाण तपासणीशिवाय होऊ दिलेलं नाही, हे मला त्यांच्या क्लबातल्या लोकांनी नंतर सांगितलं. पण लेकीचे वडील बोलले, व्याही त्यांच्या मैदानावर पहिल्यांदाच आलेले, त्यांचा शब्द चारचौघांत कसा खाली पडू द्यायचा. ते हसून म्हणाले, व्याहीबुवा म्हणतात तर राहू दे. ती तपासणी झाली असती तर दबलेली अँटेना तिथंच उघडी पडली असती.

पुढचं तू पाहिलंसच. विमान सुरेख चढलं, मैदानाच्या टोकाला वळायला हवं होतं तिथं वळलं नाही. संपर्क तुटला. मोटर बंद पडायला हवी होती, ती निम्म्या जोरावर चालतच राहिली आणि विमान सरळ, शहाण्यासारखं, झाडांवरून लांब जाऊ लागलं. तेव्हा तू बाबा अशी किंकाळी फोडलीस आणि ट्रान्समीटर घेऊन धावलीस. तुझे सासरे तुझ्यापासून दोन हातांवर होते. मी मागे, गाडीजवळ. तू त्यांना ओलांडून माझ्याकडे आलीस आणि ट्रान्समीटर माझ्या हातात कोंबलास. मला उडवता येत नाही हे माहीत असून. मी उजवी दांडी खाली ओढली, पुन्हा तीच चूक, आणि तोवर पिवळा ठिपकाही दिसेनासा झाला होता.

हे वाक्य मी चार वेळा लिहून खोडलंय. विमान जात होतं आणि मला आनंद झाला होता. तू त्यांना ओलांडून आलीस म्हणून. डॉक्टर झाडांच्या दिशेने पळत सुटले होते, या वयात, चप्पल निसटली तरी थांबले नाहीत. आणि माझ्या आत कुणीतरी म्हणत होतं, बघा, शेवटी कुणाकडे आली. परतताना गाडीत तू आपणहून सांगितलंस की इथं सगळ्यांचाच थ्रॉटल डाव्या हाताला, अडचण आली तर दुसऱ्याच्या हातात देता यावा म्हणून तू तीन महिने खपून बदललास, आणि बाबांना वाईट वाटेल म्हणून बोलली नाहीस. मी खिडकीबाहेर बघत होतो.

तीन दिवसांनी विमान सापडलं ते शिशुशाळेच्या अंगणात, झोपाळा आणि भिंत यांच्या मध्ये. शाळेला सुट्टी होती. सुट्टी नसती तर, हा विचार मी पूर्ण करू शकत नाही, आणि डॉक्टरसाहेब तो रोज पूर्ण करताहेत असं तू लिहिलंयस. त्यांनी रिसीव्हर तपासला, त्यात थ्रॉटल निम्म्यावर साठवलेला निघाला, आणि बाइंड आपणच केलं म्हणजे चूक आपलीच, असा त्यांनी साधा हिशेब केला. दुसरा माणूस त्या खोलीत शिरला असेल हे त्यांच्या मनातही आलं नाही. क्लबाच्या फळ्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने ते लिहिलं, खाली सही केली, आणि चिमटे भिंतीवरून उतरवले. ती चूक माझी आहे. बाइंड मी केलं, अँटेना मी दाबली, तपासणी मी थांबवली.

काल दुपारी डॉक्टरसाहेब माझ्या दुकानात आले. तुम्हाला कुणाला न सांगता, साडेतीन तास प्रवास करून. दोन मशीनच्या मधल्या जागेत त्यांनी त्यांची हत्यारांची पेटी ठेवली. सगळे चिमटे, तो आरसा, दोऱ्याची डबी. म्हणाले, व्याहीबुवा, हे आता तुमच्याकडेच असावं, पोरीचं काम तुम्हीच करा, माझ्या हातांवर माझा विश्वास राहिला नाही. मी, अहो असं काय करता, एवढंच पुटपुटलो. आणि पेटी घेतली, दोन्ही हातांनी घेतली. ते चहाही न घेता उठले आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत मी दारात उभा राहून हात हलवत होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. म्हणून हे पत्र, भिंगरी. सोमवारी पहिल्या गाडीने मी पेटी परत घेऊन येतोय, पण पत्र माझ्या आधी पोचलं पाहिजे. तोंडी सांगायला आलो तर दारातच माझी जीभ पलटेल, मला माझा भरवसा नाही. हे त्यांना तू वाचून दाखव, मोठ्याने. मला आनंद झाला ते वाक्यही गाळू नकोस. फळ्यावरची त्यांची ओळ मी पुसेन आणि माझी लिहीन. नवा रिसीव्हर त्यांनीच बसवायचा. पुढे कधी तुझं विमान हातात धरायला मला द्यायचं की नाही, ते तू ठरव, आणि नाही द्यायचं असं ठरवलंस तरी मी कुरकुर करणार नाही. दहाच्या सुमाराला मी बेल वाजवेन. दार तू उघडू नकोस. ते त्यांचं घर आहे, उघडायचं की नाही ते त्यांना ठरवू दे. मी पायरीवर थांबेन.

अजून तरी तुझाच,
बाबा